पदं ऐकली, सुभद्रा राहिली

अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचं ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आलं. आजही नाट्यसंगीताचा कार्यक्रम म्हटला की ‘सौभद्र’मधलं एखादं पद हवंच. पण पदांच्या या कौतुकात नाटक मागं पडत चाललंय, ही माझी तक्रार आहे.

गोष्ट काय आहे? बलरामदादानं बहिणीचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय. सुभद्रेचं मन अर्जुनावर. तिला विचारलंय कुणी? कथा महाभारतातली, पण अण्णासाहेबांनी ती आपल्या माजघरात आणून बसवली. कृष्ण-रुक्मिणीचा रुसवाफुगवा, नणंद-भावजयीचं बोलणं, थोरल्यापुढं कुणाचं चालत नाही म्हणून कृष्णानं आडवाटेनं केलेली खटपट, हे आपल्याला नवीन आहे का? पदांनाही साकी, दिंडी आणि कानडी गाण्यांच्या चाली, म्हणजे कानाच्या ओळखीच्या. प्रेक्षक या नाटकात रमला तो असा.

त्या काळी सुभद्रा उभी केली ती वडोदऱ्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांनी. बाईचं दुःखसुद्धा पुरुषानंच गायचं, असा तो जमाना. तरी सुभद्रेचं पद तिच्या प्रसंगातून उगवायचं. आधी बोलणं, मग बोलण्यात न मावलेलं गाणं.

आताच्या मैफलीत निवेदक दोन वाक्यं सांगतो, गायिका तान घेते, आपण ‘वन्समोअर’ म्हणतो. वन्समोअरला माझी ना नाही. प्रेक्षकाचा तो जुना हक्क आहे, आणि त्यानंच ही पदं घरोघरी नेली. पण दाद गळ्याला मिळते. जिच्या तोंडी ते पद आहे, त्या पोरीचं लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरलंय, हे टाळ्यांत कुणाच्या ध्यानात राहतं? गायिका उत्तम असते, कार्यक्रम मात्र अर्धा होतो.

आणि हा प्रश्न काही जुना झालेला नाही. स्थळं आजही घरातली मोठी माणसंच आधी पसंत करतात, मुलीला मागाहून विचारतात. मग सुभद्रेचं बोलणं आपल्या मुलींच्या कानावर पडायला नको?

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या श्राविका मंडळात पुढच्या वेळी पदं बसवाल तेव्हा एक पद कमी करा आणि रुक्मिणी-सुभद्रेचा एक प्रवेश पुस्तक हातात धरून का होईना, वाचा. पेटी-तबला थोडा वेळ थांबला तर चालेल.