पानठेल्याच्या जिवावर दंडार

कलावंताने जोडधंदा करावा आणि कलेचा खर्च त्यातून भागवावा, हा सल्ला हल्ली सभा-संमेलनांत इतका ऐकू येतो की तो थेट भरतमुनींनीच दिला असावा. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हाही पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीबाहेरच्यांना मोठं अप्रूप वाटलं ते गुरनोलीच्या या नटाच्या शेतीचं. रात्र रात्र गर्दी खिळवून ठेवणाऱ्या त्यांच्या विनोदाची चिकित्सा मात्र फारशी झाली नाही.

धंद्याने कला घडवल्याचे दाखले आहेतच. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत सिनेमापर्यंत पोचले, आणि पडद्यावर कमावलेली नजर ‘सैरंध्री’च्या वेळी कामी आली. उलट भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’ या चित्रपटासाठी शेतजमीन विकली. एकाचा धंदाच कलेची शाळा झाला, दुसऱ्याच्या कलेने पोटाचं साधनच गिळलं. जोडधंद्याचे प्रचारक पहिली गोष्ट सांगतात आणि दुसरीला ‘जिद्द’ म्हणून पुढे सरकतात.

शहरातल्या एकांकिका स्पर्धांचा विचार इथे करायचं कारण नाही. तिथे बहुतेकांचा धंदा म्हणजे वडिलांची नोकरी.

खरी परीक्षा होते ती झाडीपट्टीतल्या, भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात. भाऊबीज आटोपली की एकोडीच्या परिसरात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागते, आणि मंडई म्हटली की दंडार आणि खडी गंमत हे नाचगाण्याचे खेळ आलेच. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी साकोलीत राहून झाडीबोलीचा आणि इथल्या लोकरंगभूमीचा अभ्यास मांडला, तो याच मातीतून. दंडारीत नाचणारा गडी एरवी शिलाई मशीन चालवतो, पानठेला लावतो किंवा दुसऱ्याच्या बांधीत मजुरीला जातो. लुगडं नेसून उभा राहिला की मात्र त्याच्या खांद्याची ठेवणच बदलते. पदर सावरता सावरता तो समोरच्या शाहिराला असा टोला देतो की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावतात. बोली तिथल्या रोजच्या जगण्यातली असते. ठेल्यावर दिवसभर जे कानावर पडतं, तेच रात्री सवालजवाबात उतरतं. या अर्थाने धंदा कलेला पोसतो, हे शंभर टक्के खरं.

पण पैशाने? पानठेल्याची वर्षातली सगळ्यात मोठी विक्री मंडईच्याच दिवशी होऊ शकते, आणि नेमका त्याच दिवशी ठेला बंद ठेवून मालक नाचायला जातो. धानाची कापणीही त्याच दिवसांत. म्हणजे ‘धंद्यातून कलेला भांडवल’ हा हिशेब इथे उलटा आहे: कलेपायी धंद्याला खोट बसते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाची गोष्ट निराळी. तिथल्या नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांना आजही ‘प्रेस’ म्हणतात. नाटक तिकिटावर चालतं, नटाला रात्रीचे पैसे ठरवून मिळतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, इकडच्या शर्यती म्हणजे शंकरपट थांबले आणि पटाच्या गर्दीवर चालणाऱ्या नाटकांनाही झळ लागली. डिसेंबर २०२१ मध्ये वाट पुन्हा मोकळी झाली. मधल्या काळात करोनातही हंगाम बुडाला. तरीही ही रंगभूमी उभी आहे, कारण प्रेक्षक खिशातून पैसे काढतो.

मग दंडारीच्या गड्यालाच फुकट नाचण्याची सक्ती का? ‘हौस आहे, पोटापाण्याला ठेला आहे’ हे उत्तर मंडई भरवणारे मंडळवाले ऐकवतात, आणि सरकारचा हिशेबही त्याच वळणाचा. ज्येष्ठ कलावंतांसाठी महिन्याला ५,००० रुपयांचं मानधन आहे, वयाची अट पन्नास वर्षांची; पण सोबत उत्पन्नाची मर्यादाही आहे. ज्या ठेल्याने वीस वर्षं दंडार जगवली, तोच उद्या अर्जाच्या आड यायचा. जोडधंदा करा म्हणून सांगायचं आणि केला की कलावंत गरजू नाही असं ठरवायचं, याला धोरण म्हणत नाहीत.

मंडपवाल्याला इसार मिळतो, साउंडवाल्याचं बिल त्याच रात्री चुकतं होतं, पाहुण्यांच्या शाल-श्रीफळात कसर होत नाही. उरलं तर दंडारीला. मंडळांनी हा क्रम उलटवावा. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत दंडारीची बिदागी ठरवावी, त्यात बंद ठेल्याची विक्री आणि कापणीची बुडालेली मजुरी धरावी. साउंडवाल्याशी घासाघीस करायला त्यानंतरही भरपूर वेळ असतो.