भाषांतर की साक्षात्कार?

धर्मग्रंथाचे भाषांतर वाचताना तुम्ही आधी विचारा : मूळ संहिता कोठे आहे? जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये 'मॉर्मनचा ग्रंथ' प्रसिद्ध केला. सोन्याच्या पत्र्यांवरील मजकुराचे भाषांतर आपण ईश्वरी सामर्थ्याने केले आणि पत्रे देवदूताकडे परत गेले, असे त्यांचे म्हणणे होते. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू व ग्रीक मुळावरून बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा शब्द मुळाशी ताडता येतो, स्मिथ यांचा नाही. मॉर्मन पंथ बायबलही अचूक भाषांतरापुरतेच प्रमाण मानतो. पण अचूकता ठरवायची कशाने? साक्षात्काराने की अभ्यासाने? समीक्षकाने श्रद्धेचा निवाडा करू नये. मात्र दोहोंना 'भाषांतर' म्हणताना हा फरक सांगितलाच पाहिजे.