एवढं गवत कुणासाठी?

मागच्या मे महिन्यात बीडला घरी होतो. दुपारी लॅपटॉपवर 'प्राइड अँड प्रेज्युडिस' लावला होता, २००५ सालचा, जो राइटचा. एलिझाबेथची बग्गी पेम्बर्लीसमोर थांबते, समोर प्रचंड वाडा, नदी, आणि नजर जाईल तिथपर्यंत हिरवळ. आण्णा मागे कॉटवर पडून बघत होते. म्हणाले, "एवढं गवत, अन् एक म्हैस नाही?"

मी हसलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. हा पिक्चर मी पाच-सहा वेळा तरी पाहिलाय आणि दर वेळी त्या सीनला वाटायचं, हे खरं सुंदर. म्हैस कुठे आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं. म्हणून हा लेख.

पेम्बर्ली म्हणून जे घर दिसतं ते डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ. तिथली हिरवळ निसर्गानं दिलेली वाटते, पण ती केलेली आहे. १७६०च्या आसपास 'केपेबिलिटी' ब्राउन या नावानं ओळखल्या जाणाऱ्या लॅन्सलॉट ब्राउननं तिथल्या जुन्या आखीव बागेचा बराच भाग मोडला, उताराला गवत लावलं, झाडांचे पुंजके पेरले, नदीच्या पात्रातही फेरफार केले. आण्णांच्या प्रश्नाचं उत्तरही या लोकांनी काढून ठेवलं होतं. त्याचं नाव 'हा-हा'. एक खंदक खणायचा, त्याची घराकडची बाजू सरळ भिंतीची ठेवायची आणि भिंतीचा माथा हिरवळीच्या पातळीत आणायचा. खिडकीतून पाहिलं की कुंपण दिसतच नाही, अंगणापासून डोंगरापर्यंत सगळं एकच रान वाटतं. जनावरं पलीकडे चरतात, चित्रातल्यासारखी. अलीकडे मात्र येऊ शकत नाहीत.

जनावरांचं झालं, माणसांचं काय? चॅट्सवर्थजवळ एन्झर नावाचं गाव होतं. त्यातली वाड्यातून दिसणारी घरं काढून टाकली गेली, आणि पुढे सहाव्या ड्यूकनं १८३८ ते १८४२ या काळात उरलेलं गाव नजरेआड नव्यानं वसवलं. डॉर्सेटमध्ये तर लॉर्ड मिल्टननं आपल्या वाड्यापुढचं अख्खं बाजाराचं गाव उठवलं आणि लोकांना मिल्टन ॲबस या नव्या गावात नेऊन बसवलं. तिथल्या आखणीतही ब्राउनचा हात होता. नवी घरं छान होती, आजही पर्यटक त्यांचे फोटो काढतात. पण गाव हलवायचं कारण एकच होतं: मालकाच्या खिडकीतून ते दिसत होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. गुंतागुंत आत लपवायची आणि वापरणाऱ्याला फक्त बटण दाखवायचं, हे आमचं रोजचं काम. त्यामुळे लपवण्यावर माझा आक्षेप नाही. माझा प्रश्न इतकाच की, लपवलंय काय आणि त्याचा फायदा कुणाला?

हाच प्रश्न घेऊन मग मी आपल्याकडची एक बाग बघायला गेलो. बीडहून नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. तिथला फराहबाग १५८३ साली पुरा झाला. ब्राउन वारला १७८३ मध्ये. बरोबर दोनशे वर्षांचं अंतर. मुर्तझा निजामशाहासाठी बांधलेला हा महाल एका मोठ्या तलावाच्या मधोमध आहे. चारी बाजूंनी पाणी, त्यापलीकडे बाग, आत उंच घुमटाखाली गार दिवाणखाना. पाणी बाहेरून खापरी नळांनी आणलेलं. आधी बांधलेलं काम सुलतानाला पसंत पडलं नाही, म्हणून ते पाडून पुन्हा बांधलं असं सांगतात, आणि ते तडीस नेलं सलाबतखान या त्याच्या वजिरानं.

महाल अजून उभा आहे. तलाव कोरडा. त्या कोरड्या तळात उभं राहून मला पहिल्यांदा सौंदर्य जाणवलं आणि मग हिशेब. अशा अवर्षणाच्या मुलखात पाणी साठवून त्याच्या मधोमध राहायचं, हा सत्तेचाच देखावा आहे. इंग्रजांनी कुंपण लपवलं, निजामशाहीनं इथे पाणी उघड मांडलं. दोन्हीकडे बघणारा एकच आहे, घराचा मालक. त्यात हा मालक तर वर्षानुवर्षं लोकांसमोर येत नसे. राज्य सलाबतखानच चालवायचा.

आता गंमत पुढे आहे. मुर्तझाच्याच काळात सलाबतखान या जहागीरदाराचं नाव आमच्या बीडमध्येही येतं, आणि तो हाच असं मानतात. शहराच्या दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर, सोलापूरकडे जाताना लागते ती खजाना विहीर त्यानं बांधवली. भास्कर नावाच्या स्थापत्यकारानं ती उभारली असं सांगतात. बीडमध्ये वाढलेल्या प्रत्येकाला गोष्ट पाठ आहे: सरकारी खजिना विहिरीत घातला, म्हणून नाव खजाना. दुष्काळातही ती आटत नाही, हेही पाठ.

पण कॉलेजात मित्रांनी विचारलं, "तुमच्या बीडला बघायला काय आहे?" तर मी सांगायचो, "काही नाही." कारण खजाना विहिरीपाशी गेलात तर खरंच काही दिसत नाही. गोल दगडी बांधकाम, खाली पाणी. कमान नाही, कारंजं नाही, सेल्फीला नीट बॅकग्राउंड नाही. जे आहे ते जमिनीखाली आहे: विहिरीत पाणी आणणारी भुयारं आणि तेच पाणी उतारानं बलगुजरच्या शेतांकडे नेणारं भुयार. पंप नाही, मोट नाही, फक्त जमिनीच्या चढउताराचा अंदाज. बाष्पीभवन टाळायला पाणी झाकलेलं. म्हणजे लपवणं इथेही आहेच. पण इथे लपवलेल्या गोष्टीचं दुसरं टोक शेतात उघडतं.

यावरून सलाबतखानाला संत ठरवायची घाई नको. जहागीरदाराला पिकणाऱ्या जमिनीतून महसूल मिळतो. विहीर ही गुंतवणूकही होती. ज्या शेतांना पाणी मिळालं त्यांच्या कडेला कोरडी राहिलेली शेतंही असणारच. तरीही दोन कामं शेजारी ठेवली तर निकाल द्यायला मला अडचण येत नाही. देखणा असलेला फराहबाग आज कोरडा आहे, आणि 'काही नाही' म्हणून मी ज्याची ओळख करून दिली ते चारशे वर्षांहून जुनं काम लोकांच्या लेखी अजून पाण्याचंच ठिकाण आहे.

तक्रार खरं तर आमच्याच नजरेबद्दल आहे. आम्ही खजिन्याची गोष्ट सांगतो, भुयाराचा उतार कसा काढला ते विचारत नाही. लँडस्केप म्हणजे हिरवळ, हे आम्ही पिक्चरमधून आणि बिल्डरच्या ब्रोशरमधून शिकलो. पुण्यात मी फ्लॅट बघतोय. एका प्रोजेक्टच्या ब्रोशरमध्ये लॉन आहे, वळणदार तळं आहे, 'पार्क' हा शब्द नावातच आहे. टोकन भरायच्या बेतात होतो. सेल्सच्या मुलाला विचारलं, "पाणी कुठून येणार?" तो म्हणाला, "सर, तळ्याचा व्ह्यू सगळ्या फ्लॅटना आहे." दुसऱ्यांदा विचारल्यावर हळूच म्हणाला, "सुरुवातीला टँकर." टोकन अजून भरलेलं नाही.

आमच्या जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, कारण रानात पाणी नाही. त्यांची गावं काही महिने अर्धी रिकामी होतात. कुणी लॉर्डानं उठवलेली नाहीत, पण नजरेआड गेलेली आहेतच.

परतताना आण्णांना घेऊन खजाना विहिरीवर थांबलो. त्यांना फराहबागचे फोटो दाखवले. बराच वेळ बघितले. मग म्हणाले, "चांगलंय. पण पाणी नुसतं फिरवलं व्हय?" आणि बलगुजरच्या बाजूला चालायला लागले, भुयाराचं तोंड कुठे निघतं ते बघायला. मीही मोबाईल खिशात ठेवून मागे निघालो. बीडला आलात तर विहिरीत डोकावून परत फिरू नका. पाणी जातं त्या दिशेनं थोडं चालून बघा.