दासबोधातील स्तवन आणि यत्न : क्रमाचा विचार

समर्थ रामदासांच्या दासबोधाविषयी दोन मते दीर्घकाळ शेजारीशेजारी नांदत आली आहेत. एका मतानुसार तो प्रयत्नवादाचा ग्रंथ होय. इतिहासाचार्य राजवाडे यांनी समर्थांच्या महाराष्ट्रधर्माला ‘जयिष्णु’ हे विशेषण लाविले, ते याच दृष्टीने. दुसऱ्या मतानुसार ग्रंथाचा आरंभच स्तवनाने होत असल्यामुळे त्यातील यत्न ईश्वरी कृपेच्या मागे चालणारा, म्हणजे गौण ठरतो. दोन्ही मतांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे : जे आधी मागितले जाते ते स्वतःच्या कर्तृत्वातून वजा होते. हे गृहीतक ग्रंथाच्या रचनेवर आणि भाषेवर पारखून पाहणे अवश्य आहे.

प्रथम रचना पाहू. २० दशके व २०० समास अशा या ग्रंथाचा पहिला दशक ‘स्तवन’ या नावाने प्रसिद्ध आहे. परंतु त्याचा पहिला समास स्तवनाचा नाही. ग्रंथ कोणता, त्यात काय सांगितले आहे, या श्रोत्यांच्या प्रश्नांना तेथे उत्तर दिलेले आहे. गणेशाला वंदन येते ते दुसऱ्या समासात. कार्य निश्चित झाले, त्याची जबाबदारी पत्करली, आणि मग प्रार्थना झाली, असा हा क्रम आहे. पुढे शारदा, सद्गुरू, संत, श्रोते, कवीश्वर, सभा व परमार्थ अशा पायऱ्यांनी स्तवन उतरत येते आणि दहाव्या समासात नरदेहापाशी थांबते. देवापासून निघालेली प्रार्थना माणसाच्या स्वतःच्या साधनापर्यंत आणून पोहोचविणे, ही योजना योगायोगाची म्हणता येणार नाही.

आता भाषा पाहू. गणेशस्तवनातील मागणीचे क्रियापद ‘वदवावे’ हे आहे. ‘वदणे’ या धातूचे हे प्रयोजक रूप. प्रयोजक रचनेत कर्ते दोन असतात : करविणारा आणि करणारा. ‘आई मुलाला चालविते’ या वाक्यात चालण्याची क्रिया मुलाचीच असते. पाय त्याचेच दुखतात. तद्वत् येथे वाचेला प्रवृत्त करणारा गणेश असला, तरी बोलणारा कवीच राहतो. आपल्याऐवजी देवाने बोलावे, अशी मागणी कवीने केलेली नाही. मराठीत याच ‘व’काराने शक्य क्रियापदेही सिद्ध होतात, ‘मला चालवते’ म्हणजे चालण्याची शक्ती मजमध्ये आहे. केवळ प्रत्ययसाम्यावर तत्त्वज्ञान उभारणे धोक्याचे आहे, हे मान्यच. तथापि करविणे आणि करता येणे या दोन कल्पना मराठी भाषकास परस्परविरोधी वाटत नाहीत, एवढे तरी त्यावरून ध्यानात येते.

यत्नाचे क्षेत्र समर्थांनी किती काटेकोरपणे आखले आहे, हे एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात दिसते. विषय लेखनक्रियेचा. अक्षराचे वळण, काना-मात्रा, ओळींतील अंतर, पानाची मोकळी कड, लेखणी व शाई यांविषयीच्या सूचनांचा सर्व भर हात, डोळा आणि सराव यांवर आहे. वाणीसाठी कृपा मागणारा कवी अक्षरासाठी मात्र अभ्यास सांगतो. बाराव्या दशकात तर ‘यत्नशिकवण’ या नावाचा स्वतंत्र समासच आहे.

विसाव्या दशकाच्या चौथ्या समासातील ‘चळवळ’ व ‘अधिष्ठान’ हे शब्द आज वारंवार उद्धृत होतात. ‘चळवळ’ या शब्दाचा संघटित आंदोलन हा अर्थ पुढील काळातील आहे. येथे तो हालचाल, क्रियाशीलता या अर्थी घेणे युक्त. समासाचा विषय आत्मनिरूपण आहे, हेही विसरता कामा नये. ‘अधिष्ठान’ म्हणजे ज्यावर उभे राहावयाचे ते. आधार हा उभे राहणाऱ्याचे काम करीत नाही. पण त्यावाचून उभे राहणेही घडत नाही.

यावर आक्षेप येईल तो करुणाष्टकांचा. तेथे अनावर मनापुढे हतबल झालेला भक्त बोलतो आणि करविणारा व करणारा हे अंतर जवळजवळ पुसले जाते. हा आक्षेप खरा आहे. म्हणून प्रस्तुत निष्कर्ष समर्थांच्या सर्व वाङ्मयाला लावू नये. तो दासबोधापुरताच मर्यादित ठेवावा.

दासबोधापुरते मात्र असे म्हणता येते की, प्रार्थनेने यत्न कमी होत नाही. यत्न करणाऱ्याचा अहंकार कमी होतो. नरदेहस्तवनात उंदीर-मुंग्यांसारखे जीवही माणसाच्या घरावर आपला हक्क सांगतात, आणि देहाची गतही घरासारखीच दाखविली आहे. ज्यावर भिस्त ठेवावयाची तो ‘स्व’च पुरता आपला नाही, हे तेथे कळते. तरीही त्याच देहाने साधावयाचे आहे, हेही तेथेच सांगितले आहे. ‘आधी देव की आधी यत्न’ हा वाद समर्थांचा नव्हे, त्यांच्या वाचकांचा आहे.