संकेतस्थळांची साधनचिकित्सा आणि तिचे अध्यापन

साधनांची विश्वसनीयता पारखण्याचे शिक्षण विद्यार्थ्यास द्यावे, याविषयी आता फारसे दुमत उरलेले नाही. मतभेद आहे तो पद्धतीविषयी. आंतरजालावरील मजकुराची पारख शिकविताना बहुधा प्रश्नांची एक यादी विद्यार्थ्याच्या हाती दिली जाते. अशा याद्यांपैकी विशेष प्रसिद्ध असलेली यादी कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या चिको येथील ग्रंथालयात सारा ब्लेकस्ली यांनी २००४ मध्ये सिद्ध केली. मजकूर अद्ययावत आहे काय, प्रस्तुत आहे काय, लेखक अधिकारी आहे काय, विधाने अचूक आहेत काय आणि लेखनाचा हेतू कोणता, हे तिचे पाच निकष होत. निकषांत स्वतः गैर काही नाही. परंतु उत्तरे कोठे शोधावयाची हे निक्षून सांगितले नाही, तर विद्यार्थी ती त्याच पानावर शोधतो. म्हणजे ज्याची साक्ष तपासावयाची, त्याच्याचकडे त्याच्या सचोटीचा दाखला मागतो.

हा दोष किती गंभीर आहे, ते स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांच्या २०१७ मधील अभ्यासावरून दिसून येते. दहा इतिहासज्ञ, व्यवसायाने तथ्यपडताळणी करणारे दहा जण आणि स्टॅनफर्डचेच पंचवीस विद्यार्थी यांच्यापुढे त्यांनी दोन संस्थांची पाने ठेवली. ‘अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ ही १९३० मध्ये स्थापन झालेली, हजारो बालरोगतज्ज्ञांची संस्था. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ पेडियाट्रिशियन्स’ हा समलिंगी जोडप्यांच्या दत्तकविधानाच्या प्रश्नावरून २००२ मध्ये तिच्यापासून फुटून निघालेला लहानसा गट. नावे जवळजवळ सारखी, मांडणी दोहोंचीही नीटनेटकी. सर्व पडताळणीकारांनी पहिल्या संस्थेस अधिक विश्वसनीय ठरविले. इतिहासज्ञांपैकी निम्म्यांनाच ते साधले. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी तर कौल दुसरीच्या बाजूने दिला. इतरांनी समोरचे पान वरपासून खालपर्यंत वाचले. पडताळणीकार मात्र पानावर रेंगाळले नाहीत. त्या संस्थेविषयी इतरत्र काय लिहिले आहे, ते त्यांनी आधी पाहिले.

इतिहासज्ञांचे अपयश येथे विशेष उद्बोधक आहे. जुन्या दस्तऐवजाचा कागद, शाई, अक्षरवळण आणि शिक्का ही साक्ष देतात, कारण त्यांची नक्कल सायासाची असते. संकेतस्थळाचे बोधचिन्ह, संदर्भांची यादी, पत्त्याच्या शेवटचे ‘ऑर्ग’ ही अक्षरे यांस असे सायास पडत नाहीत. यंत्राकडून लेखन करून घेता येऊ लागल्यापासून शुद्ध व प्रौढ भाषा हेही प्रमाण राहिलेले नाही. अंतर्गत प्रमाण स्वस्त झाले की बाह्य प्रमाणाकडे वळणे क्रमप्राप्त ठरते. मराठी संशोधनास ही दृष्टी अपरिचित नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या १८९८ मधील पहिल्या खंडात वि. का. राजवाडे यांनी बखरींची परीक्षा केली ती त्यांतील वर्णनाच्या रसाळपणावरून नव्हे, तर त्या काळच्या अस्सल पत्रांशी त्या ताडून.

तथापि ‘पानाबाहेर जा’ एवढा उपदेशही पुरेसा नाही. पडताळणीकारास कोणता साक्षीदार भरवशाचा, हे वर्षानुवर्षांच्या परिचयाने ठाऊक असते. नवख्या विद्यार्थ्यास ते ठाऊक नसते. शिवाय एकच मजकूर शब्दशः उचलून अनेक ठिकाणी छापलेला असतो. एखाद्या घरगुती औषधाचा गुण दहा मराठी पानांवर वाचून विद्यार्थी त्यास दहा साक्षी मानतो. वस्तुतः ती एकाच साक्षीची दहा प्रतिबिंबे असू शकतात. पाठचिकित्सेने हा धोका फार पूर्वी ओळखला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हस्तलिखितांची केवळ गणती केली नाही. त्यांची कुळे लावून मग त्यांचे मोल ठरविले. एका मूळ प्रतीवरून उतरलेल्या शंभर पोथ्या शंभर स्वतंत्र साक्षी होत नाहीत, हा नियम संकेतस्थळांसही जसाच्या तसा लागू पडतो.

तेव्हा अध्यापनाचा भर निकषांच्या पाठांतरावरून साक्षींच्या वंशावळीवर गेला पाहिजे. विधान प्रथम कोणी केले, ते कोणी उचलले आणि स्वतंत्रपणे कोणी पडताळले, ही तीन उत्तरे विद्यार्थ्याने प्रत्येक विषयाच्या वर्गात प्रत्यक्ष उदाहरणावर द्यावीत. गुण मिळावेत ते निर्णयास नव्हे, निर्णयाच्या आधारांस. ग्रंथालयातील एका तासिकेने हे साधणार नाही.

सरसकट अविश्वास शिकविणे मात्र यावरचा उपाय नव्हे. ज्यास सर्वच साक्षी खोट्या वाटतात, त्यास वैद्यकाचा ग्रंथ आणि वैदूची जाहिरात सारख्याच मोलाची ठरतात, आणि अखेरीस तो आपल्या आवडीच्या मतास सत्य मानून मोकळा होतो. कशावर विश्वास ठेवू नये, हे शिकविणे सोपे आहे. कशावर, किती आणि कोणत्या कारणाने ठेवावा, हे शिकविणे हाच साधनचिकित्सेचा खरा हेतू होय.