केशव साठे यांच्या तबल्यामागून जॅझकडे

तबल्याचा विषय निघाला की आपल्याकडे थिरकवाँ, अल्लारखाँ, झाकीर हुसेन ही नावं ओघानं येतात. केशव साठे हे नाव सहसा येत नाही. मुंबईचे हे तबलावादक १९५०च्या दशकात लंडनला गेले आणि पुढच्या दशकात तिथल्या जॅझच्या तबकड्यांवर त्यांचा तबला वाजू लागला. जॅझ ऐकून पाहावंसं वाटतं, पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, अशा मराठी रसिकानं त्यांच्या तबल्याचं बोट धरावं, असं मी सुचवीन.

नवख्याला बहुधा शंकर-जयकिशन यांची १९६८ची ‘राग-जॅझ स्टाइल’ ही तबकडी सुचवली जाते. तीत ११ राग आहेत. सतार रईस खाँ यांची, सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. ऐकायला गोड, बांधणी रेखीव. माझा आक्षेप रेखीवपणालाच आहे. राग ओळखू येतो न येतो तोच रचना आवरती घेतली जाते. चित्रपटगीताची शिस्त तिथे राज्य करते. वादकानं त्या क्षणी पत्करलेली जोखीम हा जॅझचा प्राण. तो इथे थोडाच सापडतो. म्हणून ही तबकडी ऐकावी, पण तिच्यापासून सुरुवात करू नये.

खरं तर जॅझसाठी लागणारा अर्धा कान आपल्याकडे तयार असतो. अल्लादियाखाँसाहेबांची गायकी ज्या कोल्हापुरानं ऐकली, तिथल्या श्रोत्याला आवर्तनाचा हिशेब शिकवावा लागत नाही. जॅझमध्येही ठरावीक मात्रांचं चक्र फिरत असतं आणि वादक त्यावर दर फेरीत नवं काही रचतो. फरक स्वरांच्या पायात आहे. आपला षड्ज हलत नाही. तिथे चक्र फिरताना खालचे कॉर्ड बदलत राहतात. तंबोऱ्याशी जॅझचं जमणं अवघड होतं ते यामुळे. १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये माइल्स डेव्हिस यांनी कॉर्डांची धावपळ कमी करून एकेका स्वरावलीवर रेंगाळण्याची वाट रुळवली. तंबोऱ्याला त्यातून जागा झाली.

पहिली शिफारस ‘इंडो-जॅझ स्वीट’ (१९६६). रचना कोलकात्यात जन्मलेले व्हायोलिनवादक जॉन मेयर यांच्या, अल्टो सॅक्सोफोन जमैकाचे जो हॅरियट यांचा. सतारीवर दिवाण मोतिहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर, तबल्यावर साठे. चार रचनांपैकी दोहोंना मेघ आणि गौडसारंग यांची नावं आहेत. मात्र रागाची शुद्धता शोधायला बसाल तर निराश व्हाल. ऐकायचं ते स्थिर षड्जावर हॅरियट काय करतात ते. ‘फ्री फॉर्म’ या आधीच्या तबकडीत त्यांनी कॉर्डांची चौकट झुगारली होती, त्यामुळे ही मोकळीक त्यांना उसनी घ्यावी लागली नाही. उणीव अशी की मेयर यांनी बरंच काही लिहून ठेवलेलं आहे. साठे यांच्या वाट्याला ठेका धरून राहण्याचं काम अधिक येतं.

दुसरी ‘जॅझ मीट्स इंडिया’. १९६७ साली जर्मनीतल्या फिलिंगेन गावी ती ध्वनिमुद्रित झाली. स्विस पियानोवादक इरेन श्वाइत्सर यांचं त्रिकूट एका बाजूला, मोतिहार यांचं दुसऱ्या. जोडीला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन. एका रचनेच्या नावात गंगेशेजारी ब्रिगाख आहे. ती फिलिंगेनमधून वाहणारी नदी. नदीच्या दोन काठांसारखी ही त्रिकुटं बराच वेळ शेजारी शेजारीच चालतात. एकीकडे मोजून मापून चाललेली लय, दुसरीकडे माप नाकारणारी. तबकडी त्यामुळे ओबडधोबड वाटते, पण इथे कुणी कुणाला सजावटीपुरतं वापरत नाही. साठे यांचा हातही इथे मोकळा आहे.

तिसरी ‘हम दोनो’ (१९६९). इथे तबल्याचं बोट सोडायचं, कारण यात तबला नाही, सतारही नाही. मुंबईत जन्मलेले गोवेकर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा आणि पुन्हा हॅरियट. नॉर्मा विन्स्टन यांचा आवाज शब्दांविना, वाद्यासारखा येतो. एका रचनेचं नाव ‘जयपूर’ आहे. कोल्हापूरकराला लगेच घराणं आठवेल, पण त्याचा इथे संबंध नाही. ‘बॅलड फॉर गोवा’ मात्र आवर्जून ऐकावी. भारतीयपण इथे वाद्यात नाही, वाक्य कुठे लांबवायचं आणि कुठे सोडायचं, यात आहे. माझ्या मते तिन्हींत खरी भेट इथेच घडते. पण आधीच्या दोन ऐकल्याशिवाय ती भेट किती दुरून झाली, हे कळत नाही.

प्रत्येक तबकडी निदान दोनदा ऐकावी. एकदा नुसतं चक्र मोजत, एकदा स्वरांकडे लक्ष देऊन. आणि आपल्या तबल्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी घराण्यांच्या वंशावळींबरोबर लंडनचं हे पानही जोडावं. ते जोडलं नाही, तर साठे यांची ओळख परदेशी तबकड्यांच्या वेष्टनावरच्या एका ओळीपुरती उरेल.