‘असूडा’तील रान आणि कायद्यातील वन : बारामती-इंदापूरच्या माळरानांच्या संदर्भात एक पुनर्वाचन

महात्मा जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथाची मराठीतील चर्चा प्रामुख्याने अविद्या, धर्माच्या नावाने होणारे शोषण आणि गोऱ्या-काळ्या नोकरशाहीचा कारभार या तीन सूत्रांभोवती फिरत आली आहे. ग्रंथाच्या प्रारंभीच्या सुप्रसिद्ध ओळींनी वाचकाचे लक्ष पहिल्या सूत्राकडे एवढे वेधून घेतले, की त्याच ग्रंथातील जंगलखात्यावरील टीका अभ्यासकांच्या दृष्टीने तळटीपेपुरती उरली. वस्तुतः लाकूड, गवत, पाला आणि चराई यांवर सरकारी परवान्याचे बंधन आल्यावर अल्पभूधारकाच्या घरात काय घडते, याचे इतके नेमके विवेचन त्या काळातील मराठी गद्यात विरळाच. हा भाग बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील माळरानांसमोर ठेवून वाचला असता त्याचे सामर्थ्य अधिक स्पष्ट होते, आणि त्याच्या मर्यादाही उघड होतात.

फुले यांच्या युक्तिवादाचा सारांश असा : ज्याच्याजवळ पोटापुरती जमीन नाही असा शेतकरी पूर्वी जवळच्या रानातून फळे, फुले, पाने व सरपण आणून विकत असे आणि गावच्या गायरानाच्या भरवशावर एखाददुसरी गाय व दोनचार शेळ्या पाळीत असे. सरकारने डोंगर, टेकड्या व दरीखोरी यांबरोबर पडीक जमिनी व चराऊ राने जंगलखात्यात सामील केली. त्यामुळे त्याच्या शेळ्यांना उभे राहण्यासही जागा उरली नाही. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की फुले यांचे ‘रान’ म्हणजे केवळ दाट झाडी नव्हे. मराठीत ‘रानात गेला’ म्हणजे शेतात गेला, गुरामागे गेला किंवा जंगलात गेला, असे तिन्ही अर्थ संभवतात. गायरान, माळरान, चराऊ रान हे शब्द एकाच जगण्याच्या निरनिराळ्या बाजू सांगतात. ‘वन’ हा शब्द मात्र कागदावरचा आहे. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव, संरक्षित व ग्रामवन असे वर्ग पाडले, आणि तेव्हापासून रानाचे वन होणे ही शब्दाची नव्हे, मालकीची घटना ठरली.

या घटनेची पूर्वतयारी इंदापुरातच झाली होती. प्रिंगल यांच्या जमाबंदीचा आकार शेतकऱ्यांना न पेलल्यामुळे नवी महसूल मोजणी हाती घेण्यात आली. गोल्डस्मिड व विंगेट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरलेल्या या पद्धतीचा आरंभ १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात झाला. जमिनीला क्रमांक मिळाला, प्रत पडली, आकार ठरला. शेतकऱ्यावरचा बोजा त्यामुळे हलका झाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या तुकड्याला खातेदार नाही तो सरकारचा, हे तत्त्वही त्याच मोजणीने पक्के केले. चाळीस वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, सुपे येथील बाजारात सावकारांविरुद्ध उठाव झाला व दख्खनचे दंगे म्हणून तो इतिहासात नोंदला गेला. त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. या कायद्याने दस्तऐवज, व्याज आणि जप्ती यांचा विचार केला. कर्ज काढावे लागू नये म्हणून गरिबाला ज्याचा आधार होता त्या गवताचा आणि सरपणाचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. फुले यांनी कर्ज आणि गायरान एकाच ग्रंथात मांडले, हे त्यांचे वेगळेपण याच पार्श्वभूमीवर तपासावे लागते.

हा मुलूख पर्जन्यछायेतला आहे. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, माती उथळ, खाली मुरूम. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागल्यावर दक्षिणेकडील पट्टा बागायती झाला व पुढे उसाने भरला. सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी हा भाग जिरायतच राहिला. येथील निसर्गाचे मूळ रूप झाडीचे नसून गवताचे आहे. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते, मधून एखादी बोर वा हिवर, आणि त्यावर जगणारे चिंकारा, खोकड, लांडगा, तरस. सुप्याजवळ १९९७ मध्ये घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे. चिंकारा त्याच्या सीमा ओळखत नाही, आणि लांडग्याची गुजराण तर पिढ्यान्‌पिढ्या धनगराच्या कळपावरही झाली आहे. या माळांवरचा धनगर वाडा दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतो आणि पावसाच्या तोंडाशी परततो. वाटेवरच्या शेतात मेंढरे बसवायची, खताच्या मोबदल्यात धान्य वा पैसे घ्यायचे, हा व्यवहार कोणत्याही परवान्यावाचून चालत आला. पावसाळ्यातील मुक्कामाचे रान मात्र वनखात्याच्या नकाशात आहे.

भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनातून आलेले गवतही वनोपज ठरते. राखीव वनात शिरलेल्या जनावराला सार्वजनिक लागवडीचे नुकसान करणारे जनावर मानून १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्यान्वये कोंडवाड्यात घालता येते. शेतात मेंढरू बसले तर ते खत देते, आणि मैलभर अलीकडे वनाच्या हद्दीत तेच मेंढरू नुकसानकारक होते, ही विसंगती फुले यांच्या उपरोधाला साजेशी आहे. त्यातच माळाला ‘पडीक’ ठरवून त्यावर चर खणावेत, गिरिपुष्पासारखी झाडे लावावीत, ही वृत्ती अद्याप ओसरलेली नाही. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात गवताळ प्रदेशांचा मोठा हिस्सा ओसाड म्हणून गणला गेला. महाराष्ट्रात २०१९ मध्ये तेहतीस कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले गेले, तेव्हा झाड नसलेली जमीन म्हणजे रिकामी जमीन हे गृहीतक क्वचितच तपासले गेले. गवताला स्वतःचे अस्तित्व आहे हे मेंढपाळ जाणतो, कारण कुसळी केव्हा कोवळी असते आणि तिचे कुसळ लोकरीत केव्हा रुतते, हे त्याला महिन्यांच्या हिशेबाने ठाऊक असते.

मराठी ललित साहित्यातील धनगराचे सर्वांत परिचित चित्र व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) आहे. ती वाडी उठते ती दुष्काळाने. तेथे माणसाला हुसकावणारी शक्ती आभाळात आहे, म्हणून वाचकाची करुणा कोणावरही आरोप न ठेवता पूर्ण होते. फुले यांच्या गद्यात ही सोय नाही. तेथे गवत करपत नाही, ते बंद केले जाते. आणि बंद करणारे खाते नावानिशी समोर उभे केले जाते. कलाकृती म्हणून ‘बनगरवाडी’ श्रेष्ठ आहेच. तथापि माळरानावरील माणसाच्या स्थलांतराला नैसर्गिक आपत्ती मानण्याची जी सवय मराठी वाचकाला जडली, तिच्यावरचा उतारा ‘असूडा’तच सापडतो.

फुले केवळ तक्रार करीत नाहीत. जंगलखात्याचा जुलूम संपवून गायराने गावांना परत द्यावीत आणि बंदी घालायचीच तर ती विक्रीसाठी होणाऱ्या तोडीवर असावी, असा त्यांच्या सूचनेचा रोख आहे. डोंगरावरून वाहून येणारा पालापाचोळा व लेंडीखत शेतात मुरावे म्हणून फौज व पोलिसांतील रिकाम्या हातांकडून ताली बांधून घ्याव्यात, हेही ते सुचवितात. उपभोग मोकळा आणि विक्री नियंत्रित, ही येथील विभागणी महत्त्वाची आहे. कारण पुढे सव्वाशे वर्षांनी वनहक्क अधिनियम, २००६ ने नेमकी दुसरी वाट धरली : गौण वनोपज गोळा करण्याबरोबर विकण्याचाही हक्क दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला; तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना कोणी द्यावा हा वाद उरलाच. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले, तेव्हा तो सुटला. २०१२ च्या सुधारित नियमांनी असा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे दिला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाने तर हक्क मिळाल्यावर तेंदूपाने तोडणेच थांबविले. झाडांची छाटणी आणि आगी यांचे नुकसान त्यांना उत्पन्नाहून अधिक वाटले. विक्रीचा हक्क हाती आला की गाव रान ओरबाडील, ही भीती फुले यांनाही पूर्णपणे टाळता आली नव्हती. पाचगावच्या निर्णयाने त्या भीतीपुढे प्रश्नचिन्ह लागते.

फुले यांच्या विवेचनातील खरी उणीव अन्यत्र आहे. ‘गाव’ हा शब्द ते एकसंध अर्थाने वापरतात. गायरान गावाला द्यावे म्हणजे कोणाला? १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाने पडीक सरकारी जमीन कसायला मागितली, आणि राज्यात अनेक ठिकाणी दलित कुटुंबांनी गायरानावर शेती उभी केली. मेंढपाळाला तीच जमीन मोकळी हवी असते. शिवाय वर्षातील निम्मा काळ गावाबाहेर असलेल्या वाड्याला ग्रामसभेत आवाज मिळतोच असे नाही. जातिभेदाचा एवढा तीक्ष्ण भाष्यकार या ठिकाणी पूर्वीच्या गावाकडे काहीशा हळव्या दृष्टीने पाहतो, हे नोंदविणे भाग आहे.

वनहक्क कायद्यात स्थायी व भटक्या अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा, तसेच पशुपालकांच्या हंगामी वापराचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु महाराष्ट्रातील धनगर अनुसूचित जमातींत नसल्याने त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा संबंध दाखवावा लागतो. जो समाज चालत राहिला त्याच्याजवळ घरपट्टीची पावती कोठून असणार? दरम्यान २०२४ मध्ये पुणे वनविभागाने कडबनवाडी व शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. नोंदणी करून, शुल्क भरून पर्यटकाला माळावर जाता येते. गवताला गवत म्हणून मान मिळाला, हे स्वागतार्ह आहे. मात्र चिंकारा पाहण्यासाठी परवानगीची वाट सरळ आहे, आणि त्याच गवतावर मेंढरू चारण्यासाठी पंचाहत्तर वर्षांची आहे.

ती वाट बंद मात्र नाही. नियमांनी ग्राह्य धरलेल्या पुराव्यांत गॅझेटिअर, मोजणी व जमाबंदीचे अहवाल आणि परंपरागत चराऊ कुरणे यांचा समावेश आहे. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये धनगरांची नोंद आहे, आणि इंदापूरच्या पहिल्या मोजणीचे कागद तर त्याहून पन्नास वर्षांनी जुने आहेत. ज्या दप्तराने रानाला क्रमांक देऊन सरकारजमा केले, त्याच दप्तरात आता मेंढपाळाचा दावा शोधावा लागणार आहे.